झटकापेटी आणि बाबांची काठी

३ नोव्हेंबर, सोमवार
सोनपेठहून परत. तात्यारावांनी दुकानातल्या सगळ्या झटकापेट्या परत दिल्या. विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरमध्ये करंट उतरला की आमची पेटी लाईन तोडते, माणूस वाचतो. त्यासाठीच ती केली आणि त्यासाठीच ती परत येते! "पोरा, तुझी पेटी घटकाभर पाणी देऊ देत न्हाई. लोक मला शिव्या घालायलेत." म्हणालो, केबलचे जोड चिखलात असतात, करंट गळतो, म्हणून पेटी लाईन तोडते. "मग जोड तू बदलून दे की!"
आमचे बाबासुद्धा पेटी घेत नाहीत. कोरड्या काठीनं स्टार्टरचं बटण दाबतात. "माझी काठी कधी बंद पडत न्हाई."

७ नोव्हेंबर
शेडचं भाडं थकलं. बँकेचा हप्ता पुन्हा चुकला. कंपनी म्हणजे मालक शिवकांतअप्पा, मी आणि पॅकिंगला दैवशालाताई. ताई म्हणाल्या, "अप्पा, पगाराचं ऱ्हाऊ द्या, पर खोकी कशाला चिकटवायलोत ते तरी सांगा." कुणी हसलं नाही.

८ नोव्हेंबर
अप्पांनी तोड काढली — आतला स्क्रू ढिला करायचा, म्हणजे थोडाफार करंट गळला तरी पेटी लाईन तोडणार नाही. किती ढिला? "गिऱ्हाईक परत येणार न्हाई इतका." म्हणालो, अप्पा, तेवढ्या करंटात माणूस जातो. "आन् कंपनी गेल्यावर आपण कुठं जायचं?"
टेस्टचं बटण दाबलं की पेटी अजूनही टक् करते. बाहेरून काही कळत नाही.

९ नोव्हेंबर
सोडून द्यावं? दहावी नापासाला गंगाखेडात कोण ठेवणार!

१० नोव्हेंबर
केले. सगळे स्क्रू अगदी सारखे फिरवले. वाईट कामही मला नीटच करावं लागतं.

२० नोव्हेंबर
सोनपेठला पुन्हा धाडलेल्यांतली एकही पेटी परत नाही. तात्यारावांचा फोन — "आता लय भारी चालायलीय! अजून पाठव." ताईंचा पगार झाला. अप्पांनी पेढे आणले. माझा खिशातच राहिला.

२३ नोव्हेंबर, रविवार
गावी निघालो. राणीसावरगावच्या एस.टी.त लिहितो आहे. आईचा फोन आला होता. "उमाजी, तात्याराव लय वाखाणायलेत म्हणून तुझ्या बाबानं बोकड इकून पेटी आणली! माझ्या पोरानं केलीय म्हणून गावभर सांगायलाय. आता वल्या हातानंच बटण दाबतो. काठी तर मी चुलीत घातली."
ओरडलो — थांबव त्यांना!
"आरं, रानात गेलाय की. पाणी द्यायला."
बाबा फोन उचलेनात.