चौदा नंबरच्या दाराचे दगड

ब्रॅडफर्ड, ऑक्टोबर १९०४

प्रिय मार्था,

मी बरा आहे. बाबांचा खोकला कसा आहे? त्यांनी चाळीस वर्षांपूर्वी बांधलेली घरांची रांग अजून ओळंब्यात उभी आहे, एवढं त्यांना नक्की सांग.

उरलेलं तुझ्यापुरतं. त्याच रांगेच्या दुरुस्तीवर मी आहे. तिथल्या चौदा नंबरच्या घराच्या दाराच्या दगडांचे पापुद्रे सुटताहेत. खाणीत दगडाचे थर आडवे असतात, भिंतीतही ते आडवेच ठेवायचे. इथे उभे ठेवलेत. याच चुकीसाठी बाबांनी मला लहानपणी बदडलं होतं.

दगड काढला, तर मागे सहीसारखी बाबांचीच खूण कोरलेली!

“कुठल्या गाढवाचं काम रे, सिलास?” मुकादमाने खालून विचारलं.

मी छिन्नीने खूण उडवली. म्हणालो, “असेल कुणी फिरस्ता पाथरवट.”

आजवर ज्यांच्या नावावर मिरवलो, त्यांना परकं केलं गं. जरा त्यांच्याजवळ बसत जा.

तुझा भाऊ,
सिलास