तुम्ही नामंजूर केलेला ट्रेड

बाबा,

तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा बर्फाचं मैदान पाहिलंत ते दुबईत, एका हॉटेलच्या आइस रिंकमध्ये. ऑक्टोबर असूनही बाहेर गाडीच्या दाराला हात लावता येत नव्हता, आणि आत तुम्ही पुण्याहून आणलेला, कधीच न वापरलेला स्वेटर घालून काचेला नाक लावून उभे होतात. आत काही गोरे लोक काठ्या घेऊन एका काळ्या चकतीच्या मागे लागलेले. "हे खेळतायत की पडतायत?" असं आईने विचारलं, तर तुम्ही वळूनही न पाहता म्हणालात, "थांब जरा. मला निर्णय द्यायचे असतात."

निर्णय देण्याचं काम तुमच्या कॅनेडियन बॉसने थट्टेत तुमच्या गळ्यात घातलं होतं. तिकडच्या व्यावसायिक आइस हॉकी लीगमधले खरे खेळाडू ऑफिसातल्यांनी वाटून घेतले होते. प्रत्येकाची आपली कागदावरची टीम, आणि खेळाडू तिकडे गोल करतील तसे इकडे गुण. मग ट्रेड सुरू झाले, म्हणजे तुझा हा मला दे, माझा तो तू घे, आणि भांडणंही सुरू झाली. ज्याची टीमच नाही तो पंच, असं म्हणून बॉसने तुम्हाला बसवलं. पण टेंडरमधला दरन् दर तपासणाऱ्या माणसाला कागद दिला की तो थट्टा राहत नाही, हे बॉसला कुठे माहीत?

शुक्रवारची सकाळ मला अजून दिसते. करामाच्या आपल्या फ्लॅटमधलं स्वयंपाकघर, आई पुऱ्या तळतेय, आणि तुम्ही शिळी कॅनेडियन वर्तमानपत्रं टेबलावर पसरून मला समजावताय. नुसते गोल मोजू नकोस. याचं वय बघ. हा दुबळ्या टीमविरुद्धच चमकतो का ते बघ. चांगला गोलकीपर मिळणं किती कठीण असतं, म्हणून तो देताना कोणी दोन खेळाडू मागितले तर ते जास्त नाहीत. मी पंधरा वर्षांची, कंटाळून म्हणते, "इट्स जस्ट अ गेम, बाबा." आई झारा निथळवत म्हणते, "ज्यांची तोंडंही पाहिली नाहीत त्यांची केवढी काळजी! जरा आपल्या व्हिसाचीही करा." तुम्ही पुरी तोंडात घालता आणि पुन्हा पेपरात डोकं.

त्या हिवाळ्यात बॉसने स्वतःच एक ट्रेड मांडला. आपला सगळ्यात जास्त गोल करणारा खेळाडू तो ऑफिसात नकाशे काढणाऱ्या केरळच्या तरुण ड्राफ्ट्समनला देणार, बदल्यात त्याचा गोलकीपर आणि एक नवा बचावपटू घेणार. वरवर पाहता ड्राफ्ट्समनचीच चांदी. पण तुम्हाला दोन गोष्टी खटकल्या. त्या मोठ्या खेळाडूचं नाव अलीकडच्या सामन्यांच्या बातम्यांत कुठेच नव्हतं, आणि बॉसला उत्तर आजच हवं होतं. तुम्ही सरळ विचारलंत, तुमच्याकडे अशी काही बातमी आहे का जी आमच्याकडे नाही? तो हसला. "हबीबी, रिलॅक्स." तुम्ही ट्रेड नामंजूर केलात.

त्याच संध्याकाळी ड्राफ्ट्समन आपल्या घरी आला. चहाचा कप हातात तसाच धरून म्हणाला, "सर, आप पास कर दो ना. मेरे को कोई प्रॉब्लम नहीं. बॉस नाराज़ हो गया तो?" तुम्ही म्हणालात, "आप दोनों राज़ी हैं, ठीक है. लेकिन खेल में बाकी लोग भी हैं. नुकसान उनका भी होगा. उनसे किसने पूछा?" तो चहा न पिताच गेला. आई तुमच्याशी बोलेना.

पुढच्या आठवड्यात पेपर आला. त्या खेळाडूच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, सीझन संपला होता. बॉसला ते कॅनडातल्या भावाने फोनवर आधीच सांगितलं होतं. बॉसने कागद टोपलीत टाकले आणि खेळ बंद केला. खलास. तुमचे आभार कोणी मानले नाहीत. उलट मजा घालवली म्हणून सगळे तुमच्यावरच चिडले.

आणि महिनाभरात तुम्हाला कंपनीच्या लांबच्या, उम्म अल कुवैनच्या यार्डात टाकलं. उजाडायच्या आत निघायचं, शारजाच्या ट्रॅफिकमधून पाठ धरून परत यायचं. शुक्रवारीही तुम्ही झोपूनच असायचात. आई त्या बॉसला शिव्या द्यायची, तुम्ही ऐकून घ्यायचात. काही वर्षांनी त्या यार्डातच तुमचं हृदय थांबलं. फोन मी घेतला होता.

तेराव्यानंतर ड्राफ्ट्समन भेटायला आला, सोबत शाळकरी मुलगी. आई आत पडलेली होती. तो हळू आवाजात म्हणाला, यार्डात खरं तर त्याला पाठवणार होते. त्याची बायको नुकतीच आली होती, हीच मुलगी पोटात होती. तुम्ही बॉसच्या केबिनमध्ये जाऊन म्हणालात, याच्याऐवजी मला पाठवा. "आपको पता नहीं था?" त्याने मला विचारलं. मी खोटंच म्हटलं, पता था.

तेव्हापासून मला स्वस्थता नाही, बाबा. आता खलिफा सिटीत घर आहे, मुलं आहेत, पण गाडी चालवताना मध्येच मी तुमच्या त्या अदलाबदलीचा हिशोब मांडायला लागते. त्या मुलीच्या बाजूने पाहिलं तर मंजूर. तिने माझ्या हातचं पाणी घेऊन अगदी हळू "थँक यू" म्हटलं होतं. मग आईची बाजू घेते, तिचे एकटीचे शुक्रवार, आणि तुम्हीच घातलेला नियम आठवतो. तुम्ही राजी होतात, बॉस राजी होता. आम्हाला कोणी विचारलं? तुम्हाला जाब विचारायचा असतो, आणि तुम्ही समोर असतात तर बहुतेक विचारला नसता.

आई हल्ली माझ्याकडेच असते. अजूनही तुमची आठवण निघाली की ती त्या कॅनेडियनच्या नावाने बोटं मोडते, आणि मी मान डोलावते. तिला मी खरं सांगितलेलं नाही. तिचा राग तिकडेच राहिलेला बरा वाटतो मला. तुमच्याकडे वळला तर तिच्याकडे तुमचं काय उरेल, कोण जाणे.