मस्कत, अडीच तास

मरोळ,
९ नोव्हेंबर १९८६

प्रिय सुगंधा,

हे पत्र टपालाने नाही, कमलच्या हातून येतंय. तुझ्या शेजारच्या बंगल्यात कामाला आहे ती मानखुर्दची कमल. सुट्टीवर आली होती, उद्या मस्कतला परत निघतेय. पापडांच्या पुड्यात घालून देते म्हणाली. एकटी असशील तेव्हाच वाच.

आई बरी आहे. मी अजून त्याच कारखान्यात बाटल्यांना लेबलं लावते. डोक्यावरून विमान गेलं की आई हातातलं काम टाकून दारात येते. एजंट तिला म्हणाला होता ना, मावशी, मस्कत सोळाशे किलोमीटर, पण विमानाने अडीच तास, तुमचं देवगड याहून लांब. ते तिने धरून ठेवलंय. शेजारणींना सांगते, एसटीने गावी जायला रात्र जाते, माझी सुगंधा सकाळी निघाली तर जेवायला घरी. करार वर्षाचा होता, एकवीस महिने झाले.

तुझी शेवटची तीन पत्रं ट्रंकेत आहेत. तिन्हीत मजकूर एकच. मजेत आहे, मालक चांगले आहेत, काळजी नसावी. अक्षर तुझंच, पण आईला लिहिलेल्या पत्राखाली ‘सुगंधा धोंडू राणे’ अशी पूर्ण सही? कोणीतरी समोर बसून लिहून घेतल्यासारखी. आईला वाचून दाखवताना मी पदरची वाक्यं घातली. तू उंट पाहिलास, जाड झालीस, असलं काहीतरी.

मग कमल घरी आली. म्हणाली, दाराला बाहेरून कुलूप असतं, सुगंधा फक्त गच्चीवर धुणं वाळत घालताना दिसते. उन्हाळ्यात तुझा हात भाजला, तर दवाखान्यात नेलं नाही. तू तिला एकदाच विचारलंस म्हणे, विमानतळ कोणत्या बाजूला आहे. ते ऐकल्यापासून मला जेवण जात नाही.

सुगंधा, जाणार मी होते. गिरणी सुटल्यावर बाबा घरी बसले, तेव्हा एजंटने माझंच नाव घातलं होतं. मी म्हटलं, मला विमानाची भीती वाटते, अडीच तास खाली नुसतं पाणी. तू हसलीस, म्हणालीस, ताई, तू राहा, मी जाते. माझं ते विमानाचं कारण अर्धंच खरं होतं गं. तिथल्या मालकाचं नाव मी विचारलं तेव्हा एजंटने विषय बदलला होता. ते माझ्या लक्षात आलं होतं. भीती त्याची होती, आणि मी तुला बोलले नाही.

आता नीट वाच. शुक्रवारी, चौदा तारखेला, दुपारी घरचे सगळे बाहेर गेले की गच्चीवर जा. कमल तिच्या बाजूने शिडी लावून ठेवेल. आपला मामेभाऊ दत्ताराम तिथे गाडी चालवतो, तो गल्लीच्या तोंडाशी पांढऱ्या गाडीत थांबेल आणि तुला थेट आपल्या वकिलातीत नेईल. पासपोर्ट मालकाकडे राहिला तर राहू दे. तिथे परतीचा कागद करून देतात, मी इथे पासपोर्ट ऑफिसात चौकशी करून आलेय. सामान घेऊ नकोस. हे पत्र जाळून टाक. कोणी लवकर परत आलं तर काय, हे माझ्याही डोक्यातून जात नाही, पण दुसरा रस्ता मला सापडला नाही. शिडीवर खाली बघू नकोस. एकेक पाय टाकत राहा. कमल शिडी धरून असेल.

तुझीच,
सुलक्षणाताई