तीनदा पुकारा

आबा, तुमच्या दाव्यातल्या हायकोर्टाच्या निकालाची नक्कल आज पुन्हा काढून वाचली. निजामाचं राज्य गेलं, तुम्ही गेलात, माझेही केस पांढरे झाले, तरी त्यातला 'गैरहाजर' हा शब्द आला की माझं डोकं फिरतं. अहो, ज्या सरकारनं तुम्हाला कोंडून ठेवलं, तेच सरकार विचारतं, हा माणूस आला का नाही!

पुसेगावच्या आपल्या शेताचा बांध चुलत्यानं कोरला, तुम्ही जाब विचारलात, हाणामारी झाली आणि सहा महिने तुम्हालाच पडले. आत बसूनच तुम्ही शेतासाठी दावा लावलात, वकिलाशिवाय. तारखेच्या आधी भेटीला आलो तेव्हा गजाआडून म्हणालात, "मला नेतील का न्हाई, भरवसा न्हाई. पुकारा झाला की उठून सांग, माझा बाप जेलात हाय. एवढं बोललास तरी पुढली तारीख भेटते."

हिंगोलीचं कोर्ट जेलपासून हाकेच्या अंतरावर. तुम्हाला कोणी आणलं नाही. चपराशी दारात येऊन तुमच्या नावानं तीनदा ओरडतो, मुन्सफ मान वर न करता काहीतरी लिहितो, आणि दावा खारिज. सुटल्यावर तुम्ही हैदराबादेपर्यंत गेलात. हायकोर्टानं काय म्हणावं? कैद हे गैरहजेरीचं कारण होऊ शकतं, पण पुकाऱ्याच्या वेळी ते कोर्टाला कोणीही कळवलं नाही. म्हणून खालचा हुकूम कायम. कळवलं नाही म्हणे! तुम्हाला आत टाकणारा हुकूम काय आभाळातून पडला होता? शेत गेलं. तुम्ही स्वतः खोदलेल्या विहिरीवर पाणी प्यायलाही चुलत्याला विचारावं लागलं.

सुटून आलात त्या दुपारी भाकरी मोडता मोडता तुम्ही म्हणालात, "पुकारा मला आत ऐकू येऊन राहिला होता रे. मी आतून 'हाजिर, हाजिर' म्हणून बोंबललो. तू व्हतास ना तिथं?"

"उशीर झाला, आबा. पोचलो तवर सगळं झालं व्हतं."

"असू दे, लेकरा," म्हणालात, आणि पुन्हा कधी विचारलं नाहीत.

मी तिथंच होतो. शेजारी गोरेगावचे माझे होणारे सासरे बसले होते, त्यांच्या कामासाठी आलेले. तुम्ही पाव्हण्यांकडं गेलात असं मी त्यांना सांगितलं होतं. तुमचं नाव ऐकून त्यांनी माझ्याकडं पाहिलं, तेव्हा मी म्हणालो, "त्या नावाचं दुसरं कुणी आसल." हा कागद नकलेतच घडी घालून ठेवतो, आबा. निकालातला तो 'कोणीही' मीच आहे.