कठड्यापाशी सोडलेली जागा

१३ जानेवारी १९८६, ऑर्डवे

सप्टेंबरपासून या वहीत एक ओळ लिहिली नाही, माफी असावी. सामान बांधण्यात वेळ गेला ही सबब खरी आहे, पण पुरती नाही. नव्या मंडळीची पाळक म्हणून आपण शोभू का, हा प्रश्न कागदावर उतरवायचा नव्हता.

आता पोचलो आणि मन हलकं आहे. दारापुढचा बर्फ हेस्टर पिमनं आधीच उपसून ठेवला होता. वेदीची वस्त्रं आणि चांदीची भांडी सांभाळणारी ही सत्तरीची बाई. चुलीवर मटारचं सूप होतं. क्लेमला खोकताना ऐकून ती म्हणाली, “पाळकबाई, नवरा आणलात की जुना ट्रॅक्टर?” क्लेम हसला, म्हणून आणखी खोकला.

९ फेब्रुवारीला बिशप येणार आहेत. इथलं सेंट ऑल्बन चर्च चालू ठेवायचं की कुलूप लावायचं, ते तेव्हा ठरेल. चर्चचा छोटा इतिहास लिहून दाखवा, असा त्यांचा निरोप आहे. हे काम मला आवडेल.

२० जानेवारी

काल प्रभुभोजनाला, भाकर आणि द्राक्षरस वाटताना, एक विचित्र गोष्ट पाहिली. वेदीच्या कठड्यापाशी लोक गुडघे टेकतात ते दोघांमध्ये एका माणसाची जागा सोडून. घराघरांत अबोला असावा असं वाटलं.

हेस्टरला विचारलं, तर इतिहासच हाती आला. मूळ गाव उत्तरेला होतं. रेल्वे आली ती दूर दक्षिणेकडून, तेव्हा लोकांनी घरं उचलून रुळांजवळ आणली, आणि शेवटी चर्च. ओंडक्यांवर चढवून, घोडे जुंपून, बर्फावरून ओढत. थडगी मात्र तिथंच राहिली, कारण जमीन दगडासारखी गोठलेली. वसंतात नेऊ, असं ठरलं होतं. “वसंतात पेरणी असते, पाळकबाई,” हेस्टर म्हणाली. पुढं तिथं नांगर फिरला.

नव्या जागेतल्या पहिल्या प्रभुभोजनाला थडग्यांत मागं राहिलेल्यांसाठी कठड्यापाशी जागा सोडली, ती आजही सोडतात. पाळकानं तिथं थांबायचं, हात उचलून आशीर्वाद द्यायचा, पुढं जायचं. भाकर द्यायची नाही.

भावना सुंदर आहे. पण बिशपना ही भांडकुदळ मंडळी वाटेल आणि कुलूप लागेल. पुढच्या रविवारी सगळ्यांना सरकून बसायला सांगणार आहे. हे चर्चसाठी की माझ्या नीटनेटकेपणाच्या हौसेसाठी? दोन्ही असेल. क्लेम म्हणाला, पहिला मी सरकतो.

२७ जानेवारी

तो सरकला. “या की जवळ, चावत नाही मी!” म्हणाला. कुणी हसलं नाही, पण सरकले.

भाकर देताना मी चेहऱ्यांकडे पाहत नाही, फक्त पुढं आलेल्या तळव्यांकडे. ते माणसाचं आणि देवाचं आपसातलं असतं. काल तळवे संपेनात. भाकर पुरली नाही, तुकड्यांचे तुकडे केले. काही नखांत काळी माती होती. नंतर पाहिलं तर गुडघ्याखालच्या उशांवर ओला चिखल, आणि बाहेर तर सगळं गोठलेलं.

हेस्टर व्हरांड्यात रडत होती. “तुम्ही त्यांना दिलीत.”

ज्यांनी हात पुढं केला त्यांना दिली, मी म्हणाले.

“तेच म्हणतेय मी.”

३० जानेवारी

क्लेमचा खोकला थांबला. मला आनंद व्हायला हवा. तो कॉफी पीत नाही. उत्तरेच्या खिडकीशी उभा असतो. दुपारी मला ‘बाई’ म्हणाला, आणि फार सभ्यपणे विचारलं, की तुम्ही लोकांनी चर्च कुठं नेलंत?

ताप नाही. अंग गार आहे. डॉक्टर म्हणतात, थंडी मानवली नसेल.

३ फेब्रुवारी

काल पुन्हा जागा सोडायला लावली. क्लेम माझ्यासमोर, तळवे कोरडे, स्थिर. त्याच्या शेजारी मोकळी जागा.

त्या जागेत एक हात होता. आमची अंगठी. गेल्या वर्षी सुरीनं कापलेला अंगठा.

आणि खोकला.

मी आशीर्वाद दिला आणि पुढं गेले. नियम होता म्हणून. मी माझ्या नवऱ्याला वगळून—

मान वर का केली नाही?

५ फेब्रुवारी

हेस्टर म्हणाली, पहिला क्लेम सरकला, म्हणून मेलेल्यांतल्या ज्याला भाकर मिळाली तो त्याच्या जागी आत बसला, आणि ज्याची जागा गेली तो बाहेर, जुन्या गावच्या माळावर. बाहेरच्याला भाकर द्या, आतल्याला वगळा, मग कदाचित.

आधी कुणी करून पाहिलंय का?

“आधी कुणी एवढी मोठी चूकच केली नव्हती, पाळकबाई.” मग माझा हात धरला, बराच वेळ.

७ फेब्रुवारी

बिशपचा फोन. द्राक्षरसाचा प्याला ते फिरवतील, भाकर मीच वाटायची. देवाचे आभार. मोकळ्या जागेतल्याला द्यायची, शेजारच्याला नाही. इतकं सोपं.

इतिहास लिहून झालेला नाही. सुचत नाही—

८ फेब्रुवारी, दुपार

तो आज मला नावानं हाक मारतोय. मॉड, मॉड. क्लेमसारखीच.

आत्ता म्हणाला, उद्या बिशप येणार, मंडळी विखुरलेली दिसायला नको, तेव्हा मी त्या मोकळ्या जागेत सरकतो, पहिल्यासारखा. हसला.

म्हणजे उद्या दोन हात एकाच जागी. अंगठी दोन्हीकडे. दोन्ही गारठलेले—एक माळावर राहून, एक—

चूक झाली तर क्लेम कायमचा—

तो दाराशी उभा आहे. काय लिहितेस, विचारतोय.

उद्या एकच काम: भाकर ठेवण्याआधी मान वर करून चेहरे पाहणे, दोन्ही, आणि जर दोन्ही क्लेमचेच