पिकायची वाट पाहिलेला डोळा

अण्णा, एक गंभीर तक्रार आहे. डोळ्यात टाकायच्या औषधाची बाटली ज्यानं घडवली, त्याला माणसाला दोनच हात असतात हे ठाऊक नसावं. एकानं पापणी ओढायची, दुसऱ्यानं बाटली दाबायची, मग चष्मा धरायचा कुणी? निम्म्या औषधाचं प्रोक्षण गालावर होतं. तुमची सून म्हणते, "संस्कृतचे मास्तर, डोळा वर हाय, गाल खाली. लई अवघड न्हाय."

मलाही काचबिंदू निघाला. चष्म्याचा नंबर काढायला लोहाऱ्याहून उमरग्याला गेलो होतो. डॉक्टरीणबाई माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाच्या. डोळ्याचा दाब मोजून म्हणाल्या, "सर, डोळ्याच्या आत पाणी तयार होत राहतं आणि बारीक जाळीतून बाहेर जातं. तुमची जाळी तुंबलीय. दाब वाढतो आणि मागची नस हळूहळू मरते. दुखत नाही, म्हणून कळत नाही."

"मग रडलो तर मोकळं होईल?"

"नाही सर, अश्रूंचं पाणी वेगळं."

गावच्या पाण्याच्या टाकीची चावी फिरवण्यात तुमची हयात गेली. तुम्हाला हे लगेच कळलं असतं. पण तुम्हाला कुणी सांगितलंच नाही. बाजूनं आलेल्या माणसाला तुम्ही ओळख देईनासे झालात, तर लोक म्हणाले, म्हाताऱ्याला ताठा आलाय. चौकटीला खांदा आपटला की आई ओरडायची, "दार दिसंना व्हय?" आणि तुम्ही ओट्यावर बसून शांतपणे सांगायचात, "मोतीबिंदू हाय. पिकू द्या, मग काढू. कच्चा कशाला काढायचा?" सगळं गाव तेच करायचं. शिकलासवरलेला मी, मीही मान डोलावली. दवाखान्यात नेलं तेव्हा कळलं, हा पिकायची वाट पाहायचा आजार नव्हताच, आणि गेलेली नजर आता परत येणार नव्हती.

माझं लवकर सापडलं. थेंबांनी दाब उतरलाय. कडेचं थोडं गेलंय, बाकीचं टिकेल असं बाई म्हणतात, आणि माझा त्यांच्यावर विश्वास बसलाय. काल वर्गात शेवटच्या बाकावरची चिठ्ठी पकडली. पोरं नाराज आहेत.

तुम्ही गेलात तिथं पत्र पाठवायची सोय नाही, म्हणून घडी घालून कपाटात ठेवतो. बाई आणखी एक म्हणाल्या होत्या, हे घराण्यात उतरू शकतं, मुलांचे डोळे तपासून घ्या. लेक लातूरला शिकते. दोनदा फोन लावला, दोन्ही वेळा जेवलीस का एवढंच विचारून ठेवला. लवकर कळलं तर सांभाळता येतं, हे मी स्वतः भोगून सांगू शकतो. आज तिला सांगणार आहे. पण अण्णा, मला माझ्यापेक्षा तिच्या डोळ्यांची जास्त भीती वाटते.