ठोंब्याचे मार्क

४ फेब्रुवारी

चि. बबडीस अ. उ. आ.

तुझ्या वॉर्डातल्या नव्या मोठ्या बाई कडक आहेत हे वाचून बरं वाटलं. तुला कुणीतरी तसं हवंच होतं.

आपल्या ठोंब्याची तब्येत मात्र तोळामासा आहे. मूत्रपिंडाचं दुखणं बरं होणार नाही, सांभाळायचं एवढंच, असं कुत्र्यांच्या डॉक्टरीणबाई पुन्हा म्हणाल्या. नोव्हेंबरात त्यांनी एक तक्ता दिलाय. खाणं, पाणी, चालणं, स्वच्छता, आनंद. प्रत्येकी दहा मार्क. दर रविवारी बेरीज करायची आणि पन्नासात पंचवीसच्या खाली गेला की त्यांना बोलवायचं. मग त्या इंजेक्शन देऊन त्याला कायमचं झोपवतील. मी म्हटलं, बाई, एकतीस वर्षं गणिताचे पेपर तपासलेत, काळजी सोडा.

या रविवारी सव्वीस पडले. खाण्यात सहा, कारण मी जमिनीवर बसून चमच्याने भरवलं की खातो. चालण्यात पाच. जिना मी उचलून चढवतो. आनंदात आठ, शेपूट हलते. माझी कंबर उत्तम आहे. शेजारचे शिंपीकाका काही कळवतील, तिकडे लक्ष देऊ नकोस.

लोभ पाकिटात मावेल तेवढा पाठवतो आहे.

तुझे बाबा

८ फेब्रुवारी

ती. बाबांस सा. न. वि. वि.

शिंपीकाकांचं पत्र तुमच्या आधी पोचलं. कंबरेला पट्टा बांधून बावीस किलोचा कुत्रा जिन्यावरून नेणारा माणूस तब्येतीचं प्रमाणपत्र स्वतःच देतो, हे छान आहे.

बाबा, आठवीत तुम्ही मला गणितात चौतीस दिले होते. पस्तिसाव्या मार्कासाठी आईने दोन दिवस अबोला धरला, तरी तुम्ही ढिम्म हलला नाहीत. आणि आता भरवलेल्या घासाला सहा? जिना तुम्ही चढता आणि मार्क त्याला? मला खूप हसू आलं. मग ड्यूटीवर जाताना बसमध्ये रडूच आलं.

आम्ही वॉर्डात तक्ता भरतो तो पेशंटला पास करायला नाही, त्याला किती त्रास होतोय ते कळावं म्हणून. सगळे रविवार पुन्हा तपासा, परक्या पोराचा पेपर समजून. रागावलात तरी चालेल.

माझ्यावरची माया थोडी कमी करून कंबरेकडे वळवावी, ही विनंती.

तुमची बबडी

१५ फेब्रुवारी

चि. बबडीस अ. उ. आ.

रागावलो. दोन दिवस तुझ्या पत्राला हात लावला नाही. मग लाल पेन घेऊन बसलो.

खाणं एक. चालणं एक. शेपूट हलते, पण मी चार हाका मारल्यावर, डोकं न उचलता. पाचही विषय मिळून नऊ. मागचे कागद काढले, तर हा डिसेंबरातच नापास झालेला. दोन महिने मीच त्याला वर ढकलत होतो आणि तो बिचारा सोसत होता. माझी मलाच लाज वाटली.

डॉक्टरीणबाई शुक्रवारी अकराला घरी येणार आहेत. तुला रजा मिळणार नाही, मागूही नकोस.

आहे तसा लोभ ठेव. सध्या मला त्याची गरज आहे.

तुझे बाबा

२२ फेब्रुवारी

चि. बबडीस अ. उ. आ.

काल सकाळी ठोंब्या आपणहून उठला. स्वतःच्या पायांनी अंगणात गेला, वाटीतलं चाटूनपुसून खाल्लं आणि उन्हात पाय वर करून लोळला. असा दिवस कित्येक आठवड्यांत आला नव्हता. डॉक्टरीणबाई दारातच थांबल्या. म्हणाल्या, एखाददुसरा दिवस असा येतो, दुखणं तेच आहे. पण सर, तुमची इच्छा असेल तर सोमवारी येते.

हो अगदी ओठांवर आलं होतं. मग वाटलं, सोमवारी तो कण्हत असेल, तेव्हा मला सोपं जाईल, त्याला नाही. म्हटलं, नको, आजच. इतकं अवघड मी जन्मात काही केलेलं नाही.

त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. पोट भरलेलं होतं. त्याला काही कळलं नाही. मला मात्र कालपासून घास उतरत नाही.

मागच्या पत्रात रजा मागू नकोस असं लिहिलं होतं. माग.

तुझे बाबा